डेकवरनं नको, बाजूनं

सुदाम,

शाळेच्या स्मरणिकेसाठी तुझी माहिती हवी होती, ती मी परवाच लिहून दिली. जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती, मागे पत्नी आणि मुलगी. एका बिलाच्या पाठीवर सगळा माणूस मावला. गुरुजी म्हणाले, "इकबालशेठ, आणखी काही?" मी म्हणालो, "आहे, पण ते त्यालाच सांगायचंय." ते हे.

माझी सवय तुला माहीत आहे. सकाळी दुकानाचं शटर वर ढकललं की आधी यादी. सिमेंट उतरवून घेणे, स्लॅबची सळई पाठवणे, टेम्पोचं पंक्चर, घरी जाताना मटण. काम झालं की आडवी रेघ. तू त्यावरून किती छळलंस मला. "इक्या, तू कबरीत पन यादी घिऊन जाशील. फरिश्ते सवाल इचारायला आले की म्हनशील, थांबा जरा, लिवून घेतो." आता तूच आधी गेलास, आणि माझ्या त्या सोमवारच्या यादीत एक ओळ तशीच उभी राहिली: सुदाम, तळं, एक का दोन. त्या ओळीवर रेघ मारायला हात होईना. म्हणून लिहायला बसलो.

आपण दोघांनी डोळे भरून पाणी पाहिलं ते सांगलीत. तू आयटीआयला ड्राफ्ट्समनचं शिकत होतास, मी मामूंच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलत होतो. खोली एक, स्टोव्ह एक, चादरी दोन. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसायचं, कागदाच्या पुडीत भडंग घेऊन. आपल्या माण तालुक्यात टँकरचा आवाज आला की अख्खी आळी घागरी घेऊन पळते, आणि इथं एवढं पाणी कुणी न बोलावता आपलं आपण निघालंय, याचं आपल्याला नवल वाटायचं. तू नदीकडे बघता बघता खायचं विसरायचास. तुझ्या वाटणीचा भडंग मीच संपवायचो.

एकदा पलीकडे जायला नाव सुटली होती. काठोकाठ माणसं, दोन सायकली, एक शेळी. मध्यावर ती कलली आणि पुन्हा सरळ झाली. तू म्हणालास, "बुडत का न्हाई रं ती?"

"नावाड्याला इचार की."

"त्याला न्हाई. जेनं तिचा आकार काढला, त्याला इचारलं पायजे."

मला वाटतं, तुझी नोकरी त्याच संध्याकाळी ठरली. कागद नंतर आला एवढंच. गावाला मात्र ते पटलं नाही. आपल्याकडची पोरं लष्करात जातात, त्यात काही नवं नाही. पण नौदल? आणि तेही दिल्लीच्या ऑफिसात बसून नकाशे काढायला? तुझ्या चुलत्यांनी पारावर सगळ्यांदेखत विचारलं होतं, "दिल्लीत समिंदर कवा आला?"

मग वर्षं गेली. तू सुट्टीला यायचास, माझ्या घरी शिरखुर्मा प्यायचास, मी तुझ्याकडे पुरणपोळी खायचो. काय काम करतोस विचारलं की म्हणायचास, "रेघा मारतो." मीही दिवसभर रेघाच मारायचो. आपलं चांगलं जमायचं.

स्वेच्छानिवृत्ती घेऊन तू परत आलास, तेव्हा मी लोणंद स्टेशनवर टेम्पो घेऊन आलो होतो. तुमच्या ट्रंका, शालनवहिनींच्या तुळशीच्या आणि गुलाबाच्या कुंड्या, आणि चादरीत गुंडाळलेला तुझा ड्रॉइंग बोर्ड. तो तू मागे ठेवू दिला नाहीस, मांडीवर आडवा धरून बसलास. फलटण मागं पडलं, मोगराळ्याचा घाट चढून वर आलो, आणि आपल्या माळावरचा तो कोरडा वारा खिडकीतून आत घुसला. तू डोळे मिटलेस. वहिनी मधे बसून पेंगत होत्या. मग तू एकदम म्हणालास, "इक्या, मी एक जहाज काढलं व्हतं."

"बरं."

"विमानं उतरतात तसलं. पन लहान. स्वस्तातलं."

"मंग? कुटं हाय?"

"न्हाई कुटं. झालंच न्हाई."

पुढचं तू तुकड्या तुकड्यांनी सांगितलंस, काही त्या दिवशी, काही पुढच्या वर्षांत. मला जेवढं कळलं ते असं. विमानवाहू जहाज म्हणजे तरंगतं गाव. बांधायला एक पिढी जाते आणि खर्च ऐकून माणसाचे डोळे फिरतात. म्हणून कुणाच्या तरी मनात आलं, लहान काढून बघू. थोडी विमानं, थोडी माणसं, आवाक्यातला खर्च. तुमच्या खोलीतली टेबलं त्या कामाला लागली. वरच्या डेकची कड, म्हणजे सबंध जहाजाची बाहेरची रेघ, तुझ्या वाट्याला आली. ती काढण्यात तुझी जवानी गेली. मग एका दिवशी साहेब आले आणि म्हणाले, शीट गुंडाळा, लहान नको, करायचं तर मोठंच करायचं. त्या संध्याकाळी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता आणि तुम्ही सगळ्यांनी केक खाल्लात. केकचं तू मला दोनदा सांगितलंस. दुसऱ्यांदा सांगताना म्हणालास, "चव चांगली व्हती रं. तेच वाईट वाटतं."

मोठ्या जहाजांवर तुझा राग नव्हता, हे मी इथं लिहून ठेवतो. ती टीव्हीवर दिसली की तू आवाज वाढवायचास आणि वहिनींना स्वयंपाकघरातून बाहेर बोलवायचास. "बघ, कशी चालली हाय." दुसऱ्याच्या लेकीच्या लग्नात मनापासून राबणाऱ्या माणसासारखा तू दिसायचास. पण एक गोष्ट तुझ्या आत सलत होती. जहाज बांधायच्या आधी त्याच्या रेघा मोठ्या हॉलच्या फरशीवर खऱ्या मापानं आखतात म्हणे. कागदावर सुरेख दिसणारी वळणं फरशीवर उतरली की त्यातली कुबडं दिसतात. तुझी रेघ फरशीवर उतरलीच नाही. "बरूबर व्हती का चूक, ते पन कळलं न्हाई," तू म्हणालास. तुला जहाज नको होतं, सुदाम. तुला एवढंच बघायचं होतं.

एके दिवशी तू दुकानात आलास आणि फक्कीची पोती मागितलीस. घराच्या पायाची आखणी करायला आपण जी पांढरी पूड मारतो, ती. मी म्हणालो, "घर बांधतुयास व्हय? आन मला न सांगता?" तू म्हणालास, "सळईचं तुकडं पन दे. खुंट्या ठोकायच्यात. आन सुट्टी घे."

तुमच्या डाळिंबाच्या बागेच्या वर जो माळ आहे, तिथं आपण दिवसभर उन्हात होतो. मी टेपचं एक टोक धरून उभा, तू दुसरं टोक घेऊन लांब, इतका लांब की वाऱ्यात हाक ऐकू येईना, नुसता हात दिसायचा. वळणासाठी तू बांबूची लांब कांब चिरून आणली होतीस. ती वाकवायची, खुंट्यांना टेकवायची, आणि तिच्या कडेनं फक्की सोडायची. तू सारखा आडवा होत होतास. गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून, रेघेवरून नजर पळवत होतास. पुढचं टोक पश्चिमेला का, असं मी विचारलं. मला वाटलं काबा तिकडं म्हणून माझ्यासाठी केलंस की काय. तू हसून हसून खाली बसलास. "आरं, विमान उडवताना जहाज वाऱ्याला तोंड करतं. आपला वारा पश्चिमेचा. त्या पवनचक्क्या बघ की कुटं तोंड करून उभ्या हायत." डोंगरावरच्या सगळ्या पवनचक्क्या खरोखर आपल्यासारख्याच पश्चिमेला बघत होत्या, जणू पुढं गेलेला ताफा आपली वाट बघत थांबलाय.

संध्याकाळी रेघ पूर्ण झाली. आत तू फक्त दोन चौकोन आखलेस, एक पुढं, एक मागं. खालच्या मजल्यावरून विमान वर आणायच्या त्या लिफ्ट. उजव्या कडेला दगड रचून एक ढीग केलास, तो जहाजाचा मनोरा. बाकी सगळं मोकळं.

"आन आत काय काय असतं?" मी विचारलं.

"ते न्हाई सांगायचं."

"आरं, रद्द झालंय की ते!"

"जहाज रद्द झालं. मी दिलेला शब्द न्हाई रद्द झाला."

मग तू शेवटचं एकदा आडवा झालास. बराच वेळ उठला नाहीस. मी जवळ आलो तर तू नुसता पडून होतास, गालाला माती आणि फक्की, आणि रेघ तुझ्या डोळ्यापासून निघून पार पुढच्या टोकापर्यंत कुठंही न अडखळता गेलेली.   कुबड नव्हतं, ते मलाही दिसत होतं.

पुढची गंमत आठवते? तिसऱ्या दिवशी गावात बोंब झाली की माळावर विमानतळ होतोय. रेघा मारल्या म्हणजे सरकारची मोजणीच असणार. शेजारच्या रानाचे मालक फेटा सावरत तुझ्या दारात. "आवं सुदामराव, आमचं रान जातंय म्हनं. आमाला आधी सांगायचं न्हवं?" तू त्यांना समजावून सांगितलंस की हे जहाज आहे. त्यांनी फेटा पुन्हा सावरला. मग म्हणाले, "जहाज आसू दे न्हाईतर विमान. पन आमचा भाव किती लावलाय, ते बोला." वहिनींनी चहा दिला आणि आत जाऊन पदर तोंडाला लावून हसल्या.

त्यानंतर कुणीतरी तुझ्या मनोऱ्याच्या दगडांना शेंदूर लावला. नारळही फोडला. कोण ते कळलं नाही. वहिनी म्हणाल्या, "आवं, आता बसा वर. तुमच्या जहाजाला देव मिळाला." तू शेंदूर पुसला नाहीस. म्हणालास, कप्तानाविना जहाज बरं नव्हे.

मग मेंढपाळ बिरूआप्पा आले. आता कळपाबरोबर लांब चरायला उतरणं त्यांना झेपत नाही. थोडकी मेंढरं घेऊन ते बारा महिने आपल्याच माळावर असतात. रेघेजवळ थांबून त्यांनी काठीनं विचारल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मेंढरं कुटनं न्यायची, सायेब?" तू मनोऱ्याजवळ चहाचा थर्मास घेऊन बसला होतास. अगदी सहज म्हणालास, "आप्पा, डेकवरनं नको. बाजूनं." म्हातारा काही विचारत बसला नाही. त्यानं तोंडानं आवाज काढला आणि सगळी मेंढरं जहाजाच्या कडेकडेनं वळली, जहाजाच्या टोकावर लाट फुटून दोन्हीकडे जावी तशी.

त्या डेकवरच्या संध्याकाळी मला आता स्वप्नासारख्या वाटतात. मी दुकान बंद करून यायचो. आपण पुढच्या टोकाला उताणे पडायचो. वारा पश्चिमेचा, ढग पूर्वेला सरकणारे. नुसतं वर बघत राहिलं की थोड्या वेळानं ढग थांबायचे आणि माळ चालू लागायचा. खरंच चालायचा, सुदाम. डाळिंबाची बाग, दहिवडीचा रस्ता, माझं दुकान, सगळं घेऊन जहाज पश्चिमेला निघायचं. डोंगर ओलांडून, महाबळेश्वरच्या माथ्यावरून, खाली कोकणात, आणि तिथून जिथं पाणी कुणाच्या परवानगीविना असतं तिथं. ढगांच्या सावल्या डेकवर उतरायच्या, पुढं सरकायच्या आणि टोकावरून निघून जायच्या. तू म्हणायचास, "हे उतरलं. हे गेलं." मी यादीवाला माणूस, पण त्या सावल्या मी कधी मोजल्या नाहीत.

आणि तिथंच आपली भांडणं व्हायची. तुझं सगळ्या गोष्टींत एकच सूत्र: एक मोठं असण्यापेक्षा दोन लहान बरी. एक गोदीत दुरुस्तीला गेलं तर दुसरं समुद्रावर असतं. मोठं एकच असलं आणि ते गोदीत गेलं की समुद्र मोकळा. मी म्हणायचो, दोन म्हणजे दुप्पट कटकट. दोन इंजिनं, दोन टायरचे संच, दोन ड्रायव्हरांची रडगाणी. हे मी टेम्पोबद्दल बोलत होतो. तेव्हा मी जुना टेम्पो विकून मोठा ट्रक घ्यायला निघालो होतो. तुझ्याशी आठवडाभर भांडलो, आणि मग ट्रक न घेता दोन लहान टेम्पो घेतले. का घेतले ते तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा म्हणालो, "ट्रकाला रंग चांगला न्हवता."

शेवटचं भांडण तळ्याचं. वहिनींची डाळिंबं दर उन्हाळ्यात माना टाकायची. विहीर आटली की त्या रोज सकाळी झाडाझाडाशी जाऊन उभ्या राहायच्या, आजाऱ्याला भेटायला गेल्यासारख्या. गेल्या उन्हाळ्यात पहिल्या ओळीतली झाडं वाळली, ती त्यांनी स्वतः उपटली आणि तुला बोलावलं नाही. माळावर शेततळं घेतलं की पाणी आपोआप उताराला बागेत येणार होतं. योजनेत नाव लागलं होतं. पण खोदाई पावसाच्या आधी झाली पाहिजे, नाहीतर आणखी एक उन्हाळा, आणि ती बाग तो उन्हाळा काढणार नव्हती. हे तुला कळत होतं, मला कळत होतं, आणि तरी आपण अडून बसलो होतो. मी म्हणालो, एकच मोठं तळं खोद. एक खोदाई, एक अस्तर, एक कुंपण, विषय संपला. तू म्हणालास, दोन लहान. मी म्हणालो, "सुदाम, तुझ्या जहाजाचा राग तळ्यावर काढू नगंस."

तो रविवार होता. तू कप खाली ठेवलास. चिडला नाहीस. शर्टाला लागलेली कुसळं काढत म्हणालास, "तुझं बरूबर न्हाई. का न्हाई, ते उद्या सांगतो." आणि उतारावरून खाली गेलास. म्हणून माझ्या सोमवारच्या यादीत ती ओळ होती.

सोमवारी पहाटे वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यांच्या छातीत दुखतंय. घाम थांबंना." ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. मी टेम्पो काढला. तुला खिडकीशी बसवलं, वहिनी मधे. पुसेगाव गेलं. तू छातीवर तळवा दाबून होतास आणि दातावर दात होते. मधेच विचारलंस, "दुसरा टेम्पो कुटाय?"

"शिरवळला. गॅरेजला हाय दोन दिवस."

 मग माझ्याकडे वळून हसलास. सांगलीच्या घाटावर हसायचास तसं, ओठाच्या एकाच बाजूनं. "बघ," म्हणालास, "म्हनून दोन."

"आवं, बोलू नका," वहिनी म्हणाल्या.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "पानी पायजे का?" माझ्या डोक्यात यादी चालली होती: डॉक्टरांना फोन, मुलीला पुण्याला फोन, तुझे जुने रिपोर्ट, घरातला गॅस बंद केला का. त्या यादीत "व्हय" हा शब्द नव्हता. कोरेगावच्या पुढं तू खिडकीबाहेर उसाकडे बघत होतास. वाऱ्यानं उसाचे तुरे हलत होते आणि तू डोळे बारीक करून त्यांच्यावरून लांब नजर टाकली होतीस, रेघ तपासताना टाकायचास तशी. साताऱ्याला पोचलो. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. दुपार व्हायच्या आत तू नव्हतास.

तू भांडण जिंकून गेलास. मला ते पटलं, हे तुला कळलं होतं का, एवढंच मला कळत नाही.

दहाव्याला माणगंगेच्या कोरड्या पात्रात सगळे जमले. पिंड ठेवला. मी मनाशी पक्कं केलं होतं. कावळा अडून बसेल, लोक एकेक वचन देऊन बघतील, आणि मग मी पुढं होऊन सगळ्यांसमोर सांगेन, "सुदाम, दोन तळी. तुझं बरोबर होतं." वाक्य घोटून आलो होतो. पिंड टेकवतोय तोवर कावळा आला, शिवला आणि गेलाही. कुणाला तोंड उघडायची सवड मिळाली नाही. तुझे चुलते म्हणाले, "भला मानूस. काय बी मागं ठिवलं न्हाई." मी तिथं तोंडात वाक्य घेऊन उभा. मला हसू आलं रे. भर दहाव्याला, सगळ्यांत मागं उभं राहून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसू आलं.

काल वहिनींनी बोलावलं. घरात सगळं जागच्या जागी होतं, फक्त बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. त्यांनी चहा दिला आणि सरळ विचारलं, "भावजी, मशीन परवा येतंय म्हनं. मी पुढं ढकलनार न्हाई. झाडं थांबनार न्हाईत. एक का दोन? ह्यांचं आन तुमचं काय ठरलं व्हतं?"

"दोन, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "तुमी तर एक म्हनत व्हता."

"ठरलं तवा दोनच ठरलं."

"मंग आखून द्या," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासारकं सरळ येतंय का बघा."

आज सकाळी फक्कीचं पोतं टेम्पोत टाकलं आणि वर आलो. आधी जागा नीट दिसावी म्हणून पवनचक्क्यांच्या बाजूनं डोंगराच्या सोंडेवर चढलो. इतकी वर्षं मी त्या जहाजात होतो, वरून कधी पाहिलं नव्हतं. फक्की तर केव्हाच पावसानं धुऊन नेली होती. खाली काही दिसेल असं मला वाटलंच नव्हतं.

सुदाम, जहाज होतं.

माळ सगळा चरून खरडलेला, करडा. आणि मधोमध तुझा डेक, गुडघाभर वाळलेल्या गवताचा, सोन्याच्या रंगाचा. कडेनं मेंढरांच्या खुरांनी पडलेली बारीक पायवाट, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, तुझ्या बांबूच्या कांबीवरून ओढल्यासारखी. तू एकदा सांगितलंस आणि बिरूआप्पांनी पुन्हा कधी मेंढरू आत सोडलं नाही. शेंदराच्या धाकानं बाकीच्यांनीही सोडलं नाही. रेघ पुसली गेली तरी मेंढरं रोज तीच रेघ मारत राहिली. वारा आला आणि सगळं गवत मागच्या बाजूला झुकलं. मी सोंडेवर बसलो. ढग पूर्वेला निघाले होते. शेजारी उताणं पडायला तू नव्हतास, पण जहाज चालू झालं.

आत काय आहे ते तू सांगितलं नाहीस. आता कुणी सांगणार नाही. म्हणून मी माझ्या मनानं भरलं. खालच्या मजल्यावर सांगलीची खोली ठेवली, तो एक स्टोव्ह, त्या दोन चादरी. तिच्या शेजारी कृष्णेवरची ती नाव, सायकली आणि शेळी यांच्यासकट. भडंगाची पुडी ठेवली, या वेळी तुझी वाटणी न खाता. मोगराळ्याच्या घाटातला वारा. केक नाही ठेवला.

खाली उतरून गवतात शिरलो. सळईच्या खुंट्या गंजल्या होत्या, पण जागेवर होत्या. तुझ्या पुढच्या लिफ्टचे चारही कोपरे सापडले, मागच्याचेही. टेप लावला. लहान तळ्याला जेवढी जागा लागते, जवळजवळ तेवढीच. तू हे आधीच ठरवलं होतंस, की रविवारी कुसळं काढताना तुझ्या लक्षात आलं, की मलाच आता तसं दिसतंय, ते मी विचारत बसत नाही. खुंट्यांना दोरी बांधली. गवत बाजूला सारून फक्की सोडली. मग आडवा झालो, गाल मातीला, एक डोळा मिटून. पोट मधे येतं माझं, तुझ्यासारखं जमत नाही. एका ठिकाणी कुबड निघालं. ते पुसून पुन्हा मारलं.

उठलो तेव्हा बिरूआप्पा जहाजाच्या कडेला उभे होते. मागं मेंढरं, कुणी पुढं सरकत नव्हतं. त्यांनी माझ्या पांढऱ्या हातांकडे बघितलं, ताज्या रेघांकडे बघितलं, मनोऱ्याजवळच्या तुझ्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"सायेब गेलं म्हनं," ते म्हणाले.

"व्हय, आप्पा."

"मंग आता मेंढरं कुटनं न्यायची?"

मी कपड्यांना हात पुसले. वारा समोरून, पश्चिमेकडून येत होता.

"डेकवरनं नको," मी म्हणालो. "बाजूनं."

म्हातारा काठीवर टेकला. "म्हंजी," त्यानं विचारलं, "जहाज हाय आजून?"

"हाय," मी म्हणालो.

त्यानं तोंडानं आवाज काढला आणि मेंढरं कडेनं वळली.